आधी ओळख द्यायची नाही

माणूस तुरुंगात गेला हे सरळ सांगायची लोकांना लाज वाटते की गंमत वाटते, देव जाणे, पण सरळ कुणी सांगत नाही. "खडी फोडायला गेला" म्हणतात. "सरकारचा जावई झाला" म्हणतात. "बिनभाड्याची खोली मिळाली", "हवा खायला गेला", एकेकाची एकेक तऱ्हा. उचलली जीभ, लावली टाळ्याला! आणि असं बोलणाऱ्यांपैकी एकानंही ते फाटक आतल्या बाजूनं पाहिलेलं नसतं. ज्यांनी पाहिलंय ते एवढंच म्हणतात, "आत होतो." तेही कुणी फारच खोदून विचारलं तर.

आपला हा म्हातारा उभी हयात आत काढून बाहेर आला होता. कैदी नव्हता बरं का. आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढे सगळ्यांचा झाला तसा तुमचाही गैरसमज व्हायचा. तो पहारेकरी होता. सकाळी डबा घेऊन निघताना बायकोला म्हणायचा, "आत जाऊन येतो." ती म्हणायची, "या, पण तिथेच रमू नका." मुलगा लहान असताना शाळेत बाईंनी विचारलं, तुझे वडील काय करतात? "तुरुंगात असतात," पोरगं छातीठोकपणे म्हणालं. बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि वर्षभर पोराला एकदाही छडी बसली नाही. ही गोष्ट आठवून आठवून नवराबायको हसायची.

आता हसायला जोडीदारीणच उरली नव्हती. ती गेली, मग नोकरी संपली, मग नोकरीचं घर गेलं. मुलगा लांबच्या शहरात. म्हाताऱ्यानं एका अनोळखी वस्तीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि तिथे एक कॉट, एक खुर्ची आणि बायकोचा फोटो नेऊन ठेवला. मुलाचा फोन यायचा. "जेवलात? गोळ्या घेतल्यात? बरं, ठेवतो." त्यात मुलाचा दोष नाही, बोलायला विषयच नव्हता. वस्तीत कुणी विचारलं तर म्हातारा म्हणायचा, "सरकारी नोकरीत होतो." तुरुंगाचं नाव काढलं की लोक दोनच गोष्टी विचारतात: कैद्यांना मारायचात का, आणि फाशी पाहिलीत का. ह्या दोन प्रश्नांचा त्याला वीट आला होता.

पहारेकऱ्यांचा एक नियम असतो. तो कुठे लिहिलेला नाही, पण जुने लोक नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात बाजूला घेऊन सांगतात: सुटलेला माणूस बाहेर भेटला तर आपण आधी ओळख द्यायची नाही. त्याच्यासोबत बायको असेल, मालक असेल, होणारा सासरा असेल. त्यानं घरी काय सांगितलंय ते आपल्याला काय माहीत? तो बोलला तर बोलायचं, नाहीतर आपण आपल्या वाटेनं जायचं. म्हाताऱ्यानं हा नियम जन्मभर पाळला, आणि जन्मभरात एकही माणूस आपणहून बोलला नाही. एकजण तर बसथांब्यावर ह्याला पाहून बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. पायात चपला होत्या बिचाऱ्याच्या.

नोकरीत असताना ह्याचं काही वाटत नव्हतं. पण आता एकट्यानं दिवस ढकलताना त्याच्या ध्यानात आलं की आपण ज्यांना ओळखतो ती सगळी माणसं आपल्याला ओळख न देणारी आहेत. आणि हे ध्यानात आल्यापासून त्याला घरात बसवेना.

अशात एक दिवस तो कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये दाढी करायला शिरला, आणि खुर्चीमागे टॉवेल झटकत उभा असलेला कारागीर पाहून जागीच थांबला. तो पीस होता.

पीस हे त्याचं आतलं नाव. हात पिसासारखा हलका म्हणून कैद्यांनीच ठेवलेलं. आत आला तेव्हा त्याला वस्तरा धरताही येत नव्हता, दाढीचं काम तो एका जुन्या कैद्याकडून शिकला. तो जुना सुटला तेव्हा प्रश्न आला, आता वस्तरा कुणाच्या हातात द्यायचा? पीस खुनाच्या शिक्षेवर आलेला. मोठ्या साहेबांनी साफ नकार दिला. तेव्हा आपला पहारेकरी स्टुलावर जाऊन बसला, गळ्याची बटणं सोडली आणि म्हणाला, "आधी माझी करू द्या, मग ठरवा." पीसचा हात थरथरत होता. "मरायचं मलाही आहे रे," पहारेकरी हळूच म्हणाला, "पण आज नको. घरी पाहुणे यायचेत." पीस हसला आणि त्याचा हात स्थिरावला.

तेव्हापासून दर रविवारी दाढीची रांग लागायची. पीस दाढ्या करायचा आणि पहारेकरी शेजारी उभा राहायचा. शेवटची दाढी झाली की वस्तरा टक् करून मिटायचा, पहारेकऱ्याचा तळवा पुढे यायचा, पीस वस्तऱ्याची मूठ त्याच्या तळव्यावर ठेवायचा आणि दोन पावलं मागे सरकून मान खाली घालून उभा राहायचा. वर्षानुवर्षं हे असंच. एकदा ब्रश धुता धुता पीस आपणहून बोलला होता, "भांडणात ढकललं साहेब मी त्याला. एवढंच. तो पडला तो उठलाच नाही." पहारेकऱ्यानं ब्रश वाळत घालायला त्याच्या हातून घेतला, तेवढंच.

तर असा तो पीस, समोर. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. नियम म्हणजे नियम. म्हातारा म्हणाला, "दाढी," आणि खुर्चीत बसून मान मागे टाकली. पीसनं फेस केला, दाढी केली, तुरटी फिरवली. हात तसाच होता, हलका. बोलणं मात्र अवाक्षर नाही. म्हातारा बाहेर पडला तो रस्ताभर गालावरून हात फिरवत गेला.

मग त्याला तो नादच लागला. आठवड्यातून एकदा, मग दोनदा, मग एक दिवसाआड. "अहो काका," सलूनवाला म्हणायचा, "दाढीला उगवायला तरी सवड द्या! माझा कारागीर काय हवेत वस्तरा फिरवणार?" सगळी गिऱ्हाइकं हसायची. म्हाताराही हसायचा. त्याला फक्त एवढंच हवं होतं की पीसनं एकदा, दुकान रिकामं असताना, हळूच विचारावं, "ओळखलंत का साहेब?" बस्स. मग दोघं चहा प्यायला जातील. मग तो मुलाची शाळेतली गोष्ट सांगेल, आणि ती गोष्ट समजणारा माणूस जगात एक तरी आहे असं होईल.

पण दुकान रिकामं कधी नसायचंच, आणि सलूनवाल्याचं तोंड बंद कधी नसायचं. माणूस तसा वाईट नव्हता, गरीब गिऱ्हाइकाचे केस उधारीवरही कापायचा. पण एका बाबतीत फार कडक. आधीच्या कारागिराचा भाऊ कुठल्याशा गुन्ह्यात आत आहे एवढं कानावर आलं तर त्यानं त्याला त्याच दिवशी कामावरून काढलं होतं. "लोक माझ्या दुकानात येऊन गळा पुढे करतात," तो सगळ्यांना ऐकवायचा. "हातात वस्तरा देतो मी माणसाच्या. भरवसा नको? आता हा आहे बघा," पीसकडे बोट, "गरीब गाय. वर तोंड करून बोलणार नाही. बायको, लहान मुलगी, घर आणि काम!" पीस खाली बघून कात्री पुसत राहायचा. हे सगळं ऐकून म्हाताऱ्याला कळून चुकलं होतं की पीसनं ओळख दिली तर त्याची भाकरी जाते. तरी आस सुटत नव्हती. माणसाचं मन लोचट असतं.

त्या दिवशी दुपारी दुकान भरलेलं होतं. पलीकडच्या औषधवाल्याला खोट्या बिलांपायी पोलिसांनी उचललं होतं, त्यामुळे बोलायला नुसता ऊत आला होता.

"गेले शेठ सरकारी पाहुणचाराला!" एकजण म्हणाला.

"जावयाची बडदास्त ठेवतील हो तिथे," सलूनवाला कात्री वाजवत म्हणाला. "फुकटचं खाणं, फुकटचं राहणं, वर दाढीसुद्धा फुकट. माझाच धंदा बुडवणार म्हणा की!"

हशा पिकला. म्हाताऱ्याच्या गालावरचा वस्तरा क्षणभर थांबला. आरशात दोघांची नजर एक झाली, आणि पीसनं ती लगेच वळवली. पण त्या एका क्षणात म्हाताऱ्याला इतकं बरं वाटलं की काय सांगू! इतक्या लोकांमध्ये रविवारची ती रांग फक्त आपल्या दोघांना दिसतेय, असं त्याच्या मनात आलं. मग पीसनं त्याच्या तोंडावरून गरम टॉवेल फिरवला, पंख्याचा वारा होता, आणि ह्या सुखात म्हाताऱ्याचा डोळा लागला.

त्याला जाग आली ती त्या आवाजानं. टक्. वस्तरा मिटला होता. म्हातारा अजून अर्धा झोपेत, आणि एप्रनखालून त्याचा उजवा हात बाहेर आला, तळवा वर करून पुढे झाला.

आणि पीसनं वस्तरा त्या तळव्यावर ठेवला. मूठ आधी. ठेवून दोन पावलं मागे सरकला, हात समोर बांधले आणि मान खाली घातली.

कात्रीचा आवाज थांबला. म्हाताऱ्यानं डोळे उघडले, आपल्या हातातला वस्तरा पाहिला, आरशात भिंतीशी उभा राहिलेला पीस पाहिला, आणि आपण काय केलं ते त्याला कळलं. पीसलाही तेव्हाच कळलं.

"हे काय?" सलूनवाला म्हणाला. त्यानं एकदा ह्याच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. "वस्तरा का दिला रे त्यांना? आणि तू असा भिंतीला का चिकटलास?"

म्हातारा सावकाश उठून बसला. मी पहारेकरी होतो, असं तो म्हणू शकला असता. खरं तेच होतं. पण मग पुढचा प्रश्न कुणीही विचारला असता: तुम्ही पहारेकरी, तर वस्तरा परत करणारा हा कोण?

"त्याला काय बोलता," म्हातारा म्हणाला. "चूक माझी आहे. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला धार बघायची असेल, म्हणून दिला. आणि मी डोळे वटारले असतील झोपेत, तर घाबरून मागे झाला." त्यानं वस्तरा समोरच्या फळीवर ठेवला. "मी आत होतो. कैदी. तिथे दाढ्या झाल्या की न्हाव्याकडचा वस्तरा परत घेऊन साहेबांना नेऊन द्यायचं काम माझ्याकडे असायचं. झोपेत हात पुढे गेला."

कुणी खोकलं. शेजारच्या खुर्चीतल्या गिऱ्हाइकानं आपली खुर्ची थोडी पलीकडे वळवली. मघापासून जावई आणि पाहुणचार करणाऱ्या मंडळींची दातखीळ बसली होती.

"थट्टा करताय काका," सलूनवाला म्हणाला.

"नाही."

"कशासाठी... म्हणजे, काय केलं होतंत?"

म्हाताऱ्याला खोटं बोलायची सवय नव्हती, काही सुचेना. मग जे माहीत होतं तेच तोंडातून आलं. "भांडणात ढकललं मी त्याला. एवढंच. तो पडला तो उठलाच नाही."

आरशात पीसनं मान वर केली. त्याचे डोळे भरून आले होते आणि तो एक पाऊल पुढे आला. आता हा सगळं सांगून टाकतो, हे म्हाताऱ्याला दिसलं. त्यानं आरशातूनच त्याच्याकडे पाहिलं. आत रांगेत कुणी गडबड केली की तो असाच पाहायचा, आणि तसं पाहिलं की बोलायची गरज पडत नसे. पीस होता तिथेच थांबला.

सलूनवाल्यानं म्हाताऱ्याला दारापर्यंत पोचवलं. पैसे घेतले नाहीत. "काका, राग मानू नका," तो खालच्या आवाजात म्हणाला, आणि त्यालाही वाईट वाटत होतं हे खोटं नाही. "माझं काही नाही हो. पण गिऱ्हाइकांचं कसं असतं... तुम्ही दुसरीकडे बघाल का?"

"बघतो," म्हातारा म्हणाला.

संध्याकाळपर्यंत वस्तीभर झालं. लोकांनी मूळच्या गोष्टीला पदरचं तिखटमीठ लावलं. कुणी एक खून म्हणालं, कुणी दोन. चहाच्या टपरीवर त्याच्या बाकाची दुसरी बाजू रिकामी राहू लागली. समोरच्या बिऱ्हाडातल्या वहिनींकडे त्यानं घराची जास्तीची किल्ली ठेवलेली होती, रात्री-अपरात्री काही झालं तर असावी म्हणून. ती त्यांच्या नवऱ्यानं आणून दिली. "तुमची तुमच्याकडेच असलेली बरी," ते म्हणाले आणि उंबऱ्याच्या आत पाय न टाकता वळले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या किल्ल्या सांभाळलेला माणूस, पण ती एवढीशी किल्ली हातात घेऊन बराच वेळ दारात उभा होता.

मुलाचा फोन आला तो तावातावानं. घरमालकानं त्याला कळवलं होतं. "बाबा, काय ऐकतोय मी? तुम्ही स्वतः सांगितलंत म्हणे! डोकं ठिकाणावर आहे ना? मी येतो, तुमचं नोकरीचं ओळखपत्र सगळ्यांच्या तोंडावर टाकतो."

"नको."

"अहो, पण का?"

"लहानपणी तू शाळेत हेच सांगितलं होतंस," म्हातारा म्हणाला, "तेव्हा तुझ्याकडे कुणी ओळखपत्र मागितलं का?"

"बाबा, ही चेष्टेची वेळ आहे का?"

"नाही," म्हातारा म्हणाला. "तू मात्र कुणाला काही सांगायचं नाहीस. माझी शपथ आहे तुला." मुलगा म्हणाला, बरं, ठेवतो.

घरी वस्तरा होता, पण म्हाताऱ्यानं दाढी केली नाही. कुणासाठी करायची? गालावर पांढरे खुंट वाढले, मग चांगली दाढीच झाली. तो दूध आणायला जायचा आणि यायचा. कधीकधी दिवसभरात स्वतःचा आवाज ऐकलाय की नाही ते त्याला आठवायचं नाही, मग तो फोटोकडे बघून उगाच काहीतरी बोलायचा. "आज ऊन फार आहे गं." त्याला पश्चात्ताप नव्हता. पण एकटं वाटायचं, फार एकटं वाटायचं, आणि ते कमी व्हायला काही उपाय नव्हता.

सलूनच्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी, दारावर थाप पडली. त्याच्या दारावर आताशा कुणी थाप मारत नसे. त्यानं दार उघडलं.

पीस उभा होता. धुतलेला सदरा, भांग पाडलेला, हातात सामानाची पेटी. जिने चढून त्याला धाप लागली होती. त्यानं म्हाताऱ्याच्या वाढलेल्या दाढीकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा कसानुसा झाला. त्यानं स्पष्ट, मोठ्यानं विचारलं,

"ओळखलंत का साहेब?"

ये, आत ये, बस, चहा टाकतो, एवढं सगळं एकदम म्हाताऱ्याच्या जिभेवर आलं. दार पूर्ण उघडायला त्याचा हात उचललाही होता. तेवढ्यात त्याला दिसलं की समोरचं दार किलकिलं झालंय, आणि फटीतून वहिनी कान देऊन ऐकतायत. ह्याच वहिनींचा धाकटा दर पंधरा दिवसांनी सलूनमध्ये केस कापायला बसायचा.

"नाही बुवा," म्हातारा म्हणाला. "कोण आपण? घर चुकलात वाटतं."

"साहेब, मी..."

"चुकलात हो तुम्ही," म्हातारा म्हणाला, आणि त्यानं त्याच्याकडे तसं पाहिलं. रांगेत पाहायचा तसं. मग दार लावून घेतलं आणि दाराला पाठ टेकून उभा राहिला.

बाहेर वहिनींचं दार उघडलं. "अगंबाई, सलूनमधले ना तुम्ही?" त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "घरी बोलावलं वाटतं म्हाताऱ्यानं दाढी करायला! नका हो जाऊ तिथे. खून करून आत जाऊन आलेला माणूस आहे तो. तुम्ही साधे दिसता म्हणून सांगते."

बाहेर काहीच आवाज येईना. म्हाताऱ्यानं डोळे मिटून घेतले. गप्प बस रे बाबा, तो मनातल्या मनात म्हणत होता. तुझ्या मुलीची शपथ, गप्प बस.

मग पेटीतल्या सामानाचा आवाज झाला, आणि पावलं जिना उतरू लागली. सावकाश, एकेक पायरी. तिसरा मजला, दुसरा, पहिला. खालचं फाटक वाजलं. वहिनींनी दार लावून घेतलं.

म्हातारा तसाच उभा होता. गालांवरून ओघळ दाढीत मुरत होते, ते त्यानं पुसले नाहीत.

"ओळखलं रे," तो बंद दाराला म्हणाला. "पहिल्याच दिवशी ओळखलं."

मग तो आत गेला आणि त्यानं एक कप चहा टाकला.